सिडकोतील बाईंचा वाचनवर्ग : पाचवीच्या एका वर्षाचा अनुभव

नाशिकच्या सिडको भागात, त्रिमूर्ती चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका घराच्या तळमजल्यावरील समोरच्या खोलीत हा वर्ग भरतो. त्याला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. परिसरात तो नुसता ‘बाईंचा वर्ग’ म्हणून ओळखला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षे मुख्यतः पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या बाई वाचन-लेखन घेतात आणि डी.एड. झालेली एक तरुण शिक्षिका गणित घेते. आमचा धाकटा जून २०२४ मध्ये, म्हणजे पाचवीत जाताना, या वर्गात दाखल झाला आणि वर्षभर नियमित गेला. त्याच्याच वयाच्या मुलांचे पालक मला या वर्गाबद्दल वरचेवर विचारत असतात; प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख.

या वर्गाचा उपयोग कोणाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मार्च २०२० च्या मध्यात शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा मुलगा बालवाडीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची पहिली जून २०२० मध्ये मोबाइलवर सुरू झाली आणि मोबाइलवरच संपली. दुसरीही तशीच गेली. राज्यात पहिलीपासूनचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून भरवण्यास परवानगी मिळाली, शहरातील शाळा त्यानंतर उघडल्या आणि जानेवारीत पुन्हा बंद झाल्या. थोडक्यात, ज्या दोन वर्षांत मूल अक्षराला अक्षर जोडून वाचायला शिकते, ती दोन्ही वर्षे त्याने बाकावर बसून घालवलीच नाहीत. मोठ्या वर्गातील मुलांचे नुकसान झाले ते शिकलेले विसरण्याचे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ९२ टक्के मुले भाषेतील किमान एक क्षमता गमावून बसलेली आढळली. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळे असेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र आमच्या मुलाच्या तुकडीकडे विसरण्याजोगे काही जमाच झालेले नव्हते. ही मुले पुढे रीतसर तिसरीत, चौथीत गेली आणि दोन वर्षांचा पाया झालेला आहे, असे गृहीत धरून पुढचे शिकवले गेले.

त्या दोन वर्षांत शिक्षकांनी कष्ट घेतले नाहीत, असे मी मुळीच म्हणणार नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेखाली रोज अभ्यास येत होता, दीक्षा अॅपवर पाठ होते, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागत असे आणि वर्गशिक्षिका रात्री नऊ वाजतासुद्धा व्हॉट्सअॅपवर वह्यांचे फोटो तपासत असत. अडचण साधनाच्या स्वरूपातच होती. पहिलीत बाई मुलाचे बोट ओळीखाली ठेवून त्याच्याकडून वाचून घेतात आणि त्याचे ओठ व त्याची नजर पाहून तो कुठे अडला ते ओळखतात. चाळीस मुलांच्या ऑनलाइन तासात सर्वांचे माइक बंद ठेवावे लागत आणि एकत्र कविता म्हणायची ठरली, तर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी पोहोचून नुसता गोंगाट होई. आमच्या घरात तेव्हा एकच बरा फोन होता आणि अंबडच्या कारखान्यात यांची पाळी सकाळची असली, की तो फोनही घराबाहेर. मग संध्याकाळी मी फळ्याचा फोटो दाखवायची आणि मुलगा तो वहीत उतरवायचा. अक्षर सुंदर होते. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. पण तो लिहीत नव्हता, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी आकृती काढत होता, हे मला फार उशिरा कळले.

जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागील इयत्तेतील महत्त्वाच्या क्षमता आधी पक्क्या करायच्या आणि मधून मधून अशा तीन चाचण्या घ्यायच्या, ही त्यामागची कल्पना अगदी योग्य होती. परंतु शहरातल्या दुसरीच्या मुलाकडे तो सेतूसुद्धा त्याच मोबाइलमधून आला आणि चाचणीची उत्तरे, खरे सांगायचे तर, अर्धी मीच सांगितली.

त्यापुढची दोन वर्षे हे उघडकीस का आले नाही, याचे उत्तर प्रगतिपुस्तकात आहे. ‘ब-१’, ‘अ-२’ अशा श्रेणी येत होत्या आणि वर्णनात्मक नोंदीत ‘कविता तालासुरात म्हणतो’ असे लिहिलेले असे. ते खरेही होते. मुलाची स्मरणशक्ती चांगली असल्यामुळे पाठ दोनदा कानांवरून गेला, की पुस्तक समोर धरून तो धडाधडा ‘वाचत’ असे. त्या काळातील गुणांवर किती विसंबावे, याचा धडा आम्हाला खरे तर घरातच मिळाला होता. थोरली २०२१ च्या दहावीच्या तुकडीतली. परीक्षा रद्द होऊन नववीचे आणि अंतर्गत गुण धरून निकाल लागला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आला. पेढे वाटले, अकरावीचे गणित सुरू झाल्यावर मात्र तिची दमछाक झाली. तरीही धाकट्याच्या श्रेणींकडे आम्ही संशयाने पाहिले नाही. चौथीच्या उन्हाळ्यात त्याला पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवणीला घालावे म्हणून घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या सरांनी एक प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. आकृत्यांचे प्रश्न त्याने पटापट सोडवले. जिथे ‘खालीलपैकी चुकीचा पर्याय निवडा’ अशी सूचना होती, तिथे सर्वत्र बरोबर पर्याय निवडला. सरांनी ती सूचना मोठ्याने वाचायला सांगितली आणि आमच्या समोर मुलाने ‘खाली’ एवढे वाचून उरलेले मनाने ठोकून दिले. सरांनीच बाईंचा पत्ता दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारे शिकवणीवाले विरळाच.

बाईंच्या वर्गाआधी एक प्रयोग करून हात पोळून घेतले होते, त्याचा उल्लेख तुलनेसाठी करते. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या शैक्षणिक अॅपचा विक्रेता घरी आला, मुलाची दहा मिनिटांची ‘चाचणी’ घेतली, मुलगा हुशार आहे पण मागे पडेल अशी भीती घातली आणि तीन वर्षांचे वर्गणीचे हप्ते आमच्या गळ्यात मारून गेला. चित्रे देखणी होती आणि आवाज गोड होता. मात्र अॅप इयत्तेप्रमाणे उघडे. तिसरीच्या मुलाला पहिलीचे काही अडले असेल, ही शक्यता त्यात धरलेलीच नव्हती. चार पर्यायांपैकी चूक दाबले तर पुन्हा दाबता येई, त्यामुळे मुलाने न वाचता बरोबर उत्तरापर्यंत पोहोचण्याचे कौशल्य आत्मसात केले. हप्ते बंद करण्यासाठी जे हेलपाटे घातले, त्यांचे वर्णन इथे नको.

आता बाईंचा वर्ग. पहिल्या दिवशी प्रगतिपुस्तक पुढे केले, तर त्यांनी ते न उघडता बाजूला ठेवले. मुलाला एकेक करून चार पुठ्ठे दिले : पहिल्यावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर चार वाक्यांचा परिच्छेद आणि चौथ्यावर छोटी गोष्ट. ‘असर’च्या पाहणीत घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासतात, त्याच पायऱ्या. ‘कमळ’, ‘पाणी’, ‘मैदान’ व्यवस्थित आले. ‘सूर्य’ आला तेव्हा तो ‘सूय’ म्हणाला, ‘पर्वत’चा ‘पवत’ झाला आणि ‘राष्ट्र’पाशी गाडी थांबली. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी त्याला येत होती. जोडाक्षरे, विशेषतः ‘र’ची निरनिराळी रूपे, त्याच्या डोळ्यांना दिसत असूनही कानाशी जोडली गेलेली नव्हती. माझ्याकडे वळून बाई म्हणाल्या, “पहिलीच्या दिवाळीनंतरचं राहिलंय. घाबरू नका, बुद्धी शाबूत आहे.” चार वर्षांत आम्हाला मिळालेले हे पहिले नेमके निदान होते.

त्यांची पद्धत वरकरणी जुन्या वळणाची आहे. खोलीत जाजम अंथरलेले असते आणि एका वेळी पंधरा मुले बसतात. मुले इयत्तेनुसार बसवलेली नसतात, तर कोण कोणत्या पुठ्ठ्यापाशी अडले आहे त्यावरून त्यांचे तीन गट केलेले असतात. दर तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून घेऊन गट बदलतात. ‘र’ शिकवायला त्यांनी दोन आठवडे घेतले. प्रकाश, ट्रक, सूर्य, दुसऱ्या अशा शब्दांच्या चिठ्ठ्या करून, मुलांना त्या उच्चारावरून वेगवेगळ्या डब्यांत टाकायला लावल्या. शेवटी ‘आचार्यांना वंदन केले’ आणि ‘आचाऱ्यांना वंदन केले’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून, एकात गुरुजी आणि दुसऱ्यात स्वयंपाकी कसा येतो हे दाखवले, तेव्हा मुले इतकी हसली, की बाहेर उभ्या असलेल्या आम्हा पालकांनाही ऐकू गेले. त्यानंतर आमच्याकडे महिनाभर भाजी जळाली की ‘आचार्य चुकले’ असे चालू होते.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडली ती पालकांसाठीची अट. रोज दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचायचे आणि घरातील एका मोठ्या माणसाने फोन दूर ठेवून ऐकायचे. चूक झाली तरी वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही. वाक्याचा अर्थ लागला नाही, तर मूल आपणहून मागे फिरते आणि स्वतः दुरुस्त करते. माझी सवय शब्द अडखळताच तो सांगून मोकळे होण्याची. मोबाइलच्या काळात उत्तरे पुरवण्याची जी खोड लागली होती, तिचेच हे दुसरे रूप होते, हे बाईंनी मला दोन-तीनदा सौम्यपणे सांगितले. महिन्यातून एका शनिवारी पालकांना वर्गात बसवतात आणि त्यांचे ऐकणेही तपासतात. यांना कामावरून सुटी मिळणे कठीण जाते, तरी तीन शनिवार ते येऊन बसले.

गणपतीपर्यंत फारसा फरक दिसला नाही, हे नमूद केले पाहिजे; उलट पाठांतराच्या जोरावर पळणारे वाचन मंदावले आणि मुलगा मागे गेला की काय, असे वाटू लागले. दिवाळीच्या सुमारास तो न पाहिलेला उतारा अडखळत पण खराखुरा वाचू लागला. जानेवारीत त्याने परिसर अभ्यासाचा धडा स्वतः वाचून मला त्यातली एक शंका विचारली. शंका विचारण्यासाठी आधी वाचावे लागते, त्यामुळे त्या दिवशी मला वाटलेले समाधान श्रेणीत मोजण्यासारखे नव्हते.

माझ्या मुलाचे उदाहरण एकटे आहे की सर्वसाधारण, हे पाहण्यासाठी मी ‘असर’चे अहवाल चाळले. ती पाहणी ग्रामीण भागाची असते, त्यामुळे सिडकोला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. तरीही आकडे बोलके आहेत. देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाली. नुकसान भरून निघाले, अशा आशयाची चर्चा त्यावेळी बरीच झाली. पण २०२४ मध्ये तिसरीत बसलेली मुले २०२२ मध्ये, शाळा उघडल्यानंतर, पहिलीत आली होती. २०२२ मध्ये तिसरीत असलेली मुले, म्हणजे आमच्या मुलाची तुकडी, २०२४ मध्ये पाचवीत पोहोचली होती आणि त्या पाचवीत तोच दुसरीचा मजकूर वाचणारी मुले ४८.८ टक्के भरली. २०१८ च्या पाचवीत ती ५०.५ टक्के होती. फरक थोडा वाटतो, पण पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे वाचता येत नाही, ही स्थिती महामारीआधीही जेमतेमच बरी होती, हेही त्यातून दिसते. बाईंना मी हे आकडे दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत एवढेच विचारले, की या मुलांसाठी पाचवीत वाचनाचा तास कोणाच्या वेळापत्रकात आहे का. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात तरी तो नव्हता.

गणिताच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. ‘असर’नुसार देशभरात वजाबाकी-भागाकारातील घसरण वाचनापेक्षा कमी होती आणि २०२४ मध्ये मुले २०१८ च्याही थोडी पुढे गेली, आमच्याकडे नेमके उलटे घडले. हातच्याची वजाबाकी मुलाला येत होती, पण ती कृती म्हणून. शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा एवढेच ठाऊक. तो एक म्हणजे दहाचा गठ्ठा असतो, हे काड्यांच्या जुड्या सोडून पहिली-दुसरीत हाताने करून पाहायचे असते आणि तेच राहून गेले होते. शिवाय संख्यांच्या नावांचा घोळ होता. २०१९ पासून बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’बरोबर ‘पन्नास दोन’ अशीही रीत आली आणि त्यावर राज्यभर बराच वाद झाला. वर्गात शिकवताना ती रीत सोपीच ठरली असती, असे मला वाटते, कारण आपल्या ‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. मात्र मोबाइलवर बाई ‘पन्नास दोन’ म्हणत, घरात आजी ‘बावन्न’ म्हणे आणि मुलगा २५ लिहून मोकळा होई. तरुण शिक्षिकेने काड्यांच्या गठ्ठ्यांनी सुरुवात उत्तम केली होती. डिसेंबरमध्ये तिला दुसरीकडे नोकरी लागली, तिच्या जागी आलेल्या शिक्षिकेने गठ्ठे गुंडाळून ठेवले आणि मुलांकडून पाढे व उदाहरणे करून घेण्यावर भर दिला. पाढे पाठ झाले. भागाकारात भाग का लावायचा, हे मुलाला वर्षाअखेरीसही सांगता येत नव्हते. बाईंकडे हे बोलले असता त्यांनी प्रांजळपणे कबूल केले, की गणित हा आपला प्रांत नाही.

आणखी काही उणिवा सांगायला हव्यात. खोलीला एकच खिडकी आहे. एप्रिल-मे महिन्यांत, त्यात वीज गेली तर, तिथे दीड तास बसणे मुलांना अवघड होते. पावसाळ्यात घरगुती अडचणीमुळे वर्ग दोन आठवडे बंद राहिला आणि त्याची पूर्वसूचना आदल्या संध्याकाळी मिळाली. शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे मोठ्या मुलांचा संकोच. पातळीनुसार गट करण्याची पद्धत शिकवण्याच्या दृष्टीने योग्य असली, तरी सातवीच्या मुलाला तिसरीच्या मुलीशेजारी बसून तोच पुठ्ठा वाचावा लागतो. आमच्या ओळखीतला असा एक मुलगा चौथ्या दिवसापासून आलाच नाही. महामारी सुरू झाली तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता सातवी-आठवीत आहेत आणि त्यांची गरज धाकट्यांपेक्षा कमी नाही. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी, असे मी बाईंना सुचवले आहे. जागा आणि माणूसबळ पाहता ते लगेच होईल असे दिसत नाही.

व्यावहारिक तपशील असे. वर्ग सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. शुल्क महिना नऊशे रुपये, दोन भावंडे असल्यास दुसऱ्याला निम्मे. शाळेचा गृहपाठ तिथे करून घेतला जात नाही आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही त्यात सवलत नाही, हे आधीच समजून घ्यावे. गुण लगेच वाढावेत अशी अपेक्षा असेल, तर दिवाळीपर्यंत निराशाच पदरी येईल. इंग्रजी शिकवत नाहीत. इंग्रजी माध्यमातील दोन मुले आमच्या तुकडीत मराठी वाचन शिकायला येत होती आणि त्यांना लाभ झाला, असे त्यांच्या आई सांगतात. प्रवेशासाठी फोन करून उपयोग नाही, बाई उचलत नाहीत. सात वाजता वर्ग सुटल्यावर मुलाला घेऊन प्रत्यक्ष जावे आणि सोबत त्याची पहिली-दुसरीची एखादी जुनी वही असल्यास न्यावी, ती त्या लक्षपूर्वक पाहतात.

गुण द्यायचेच झाले, तर वाचनासाठी मी दहापैकी नऊ देईन आणि गणितासाठी पाच. मुलगा आता सहावीत आहे. वाचनाच्या गटातून बाईंनी त्याला जूनमध्येच मोकळे केले. भागाकारासाठी दिवाळीपर्यंत दुसरी सोय पाहावी, असे आम्ही ठरवत होतो, तेवढ्यात जुन्या शिक्षिकेने शनिवार-रविवारी स्वतःच्या घरी, पाथर्डी फाट्याजवळ, चार मुले घ्यायचे कबूल केले आहे. गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे पुन्हा काड्यांच्या जुड्या बांधल्या जात आहेत.